काटेरी युफोर्बिया : ओळख व जोपासना

हल्ली कोणत्याही रोपवाटिकेत गेले की एक झाड हमखास दृष्टीस पडते. उंची हातभर, करड्या खोडावर दाट काटे, शेंड्याशी मोजकी हिरवी पाने आणि त्यांच्यावर लाल, गुलाबी, पिवळसर किंवा पांढऱ्या फुलांचे घोस. विकणारा त्यास एकदा 'कॅक्टस' म्हणतो, एकदा 'युफोर्बिया' म्हणतो, आणि दोन्ही एकच, असेही वर सांगतो. घेणारा ते घरी आणतो, गॅलरीत ठेवतो, इतर कुंड्यांबरोबर त्यासही रोज पाणी घालतो, आणि पहिल्या पावसाळ्यातच खोड बुंध्याशी मऊ पडून झाड मरते. ते जगलेच तर दुसरा धोका असतो. घरातले एखादे लहान मूल फांदी मोडते, बोटांस लागलेला पांढरा चीक डोळ्यास लावते, आणि रात्री डॉक्टरकडे धावाधाव होते. ह्या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे: आपण आणलेले झाड कोणत्या कुळातले, हे आपल्यास ठाऊक नसते. म्हणून ह्या लेखात आधी ओळख आणि मग जोपासना, असा क्रम ठेवला आहे.

नावांचा घोटाळा प्रथम निस्तरला पाहिजे. पलसाणा, कडोदरा, उधना ह्या भागांत राहणाऱ्या आपल्या पुष्कळशा कुटुंबांची घरची भाषा मराठी किंवा अहिराणी आणि बाजाराची भाषा गुजराती. गुजरातीत अशा मांसल, काटेरी झाडांस सरसकट 'थोर' म्हणतात. 'हाथलो थोर' म्हणजे आपला फड्या निवडुंग, 'खरसाणी थोर' म्हणजे आपला शेर. मराठीत थोर म्हटले की आधी मोठा माणूस आठवतो, त्यामुळे खानदेशातून नव्याने आलेल्या मुलांची ह्या शब्दावर बरीच करमणूक होते. बरे, आपल्या मराठीतील 'निवडुंग' हा शब्द तरी नेमका आहे काय? त्याच्याही पोटात फड्या, त्रिधारी, पंचधारी असे सगळे एकत्र कोंबलेले आहेत. इंग्रजी शिकलेली मुले ह्या सर्वांस 'कॅक्टस' म्हणून मोकळी होतात.

वस्तुतः ही दोन अगदी निराळी कुळे आहेत. खऱ्या कॅक्टसचे मूळ घर अमेरिका खंड होय. एखादा अपवाद सोडला तर जगाच्या इतर भागांत कॅक्टस मूळचा नव्हताच. आपल्या बांधावर दिसणारा फड्या निवडुंग हा तिकडचाच पाहुणा. युफोर्बिया हा मात्र आपल्या एरंडाचा भाऊबंद आहे. रबराचे झाड, मोगली एरंड, साबुदाणा ज्याच्या कंदापासून करतात तो टॅपिओका, ही सर्व मंडळी ह्याच एरंडकुळातील. कोरड्या मुलखात पाणी साठवून ठेवण्याची गरज दोन्ही कुळांस पडली, म्हणून दोघांनीही पाने टाकून खोडे जाड केली व अंगावर काटे धारण केले. दोन परक्या माणसांनी एकाच कापडाचे कपडे शिवले तर ते भाऊ ठरत नाहीत, तसेच हे.

ओळख चुकली की काय होते, ह्याचे एक जुने उदाहरण येथेच देण्याजोगे आहे. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर एक बारीक कीड पोसत, आणि तिच्यापासून उंची किरमिजी रंग काढीत. हा रंग हिंदुस्थानातच तयार व्हावा, अशी ईस्ट इंडिया कंपनीची इच्छा होती. १७९५ साली ब्राझीलहून ती कीड म्हणून जी आणली, ती निघाली तिचीच एक चुलत जात. तिच्यापासून चांगला रंग काही मिळाला नाही. उलट तिने निवडुंगाच्या एका जातीचा असा फडशा पाडला की बेटेच्या बेटे उजाड झाली. शेतकऱ्यांस ती फुकटची मदतच झाली, पण कंपनीचा बेत फसला. ती कीड फड्या निवडुंगाचीच. थोराशेरास तिने हातही लावला नाही. माणसास जो भेद दिसत नव्हता तो किड्यास बरोबर कळत होता.

आता आपण तो भेद कसा ओळखावा? पहिली खूण काट्यांची. कॅक्टसचा काटा नेहमी एका लहानशा मऊ, लोकरीसारख्या उशीतून फुटतो, आणि बहुधा एका उशीतून अनेक काटे निघतात. युफोर्बियास अशी उशी नसते. त्याचे काटे साधारणतः जोडीजोडीने, पानाच्या देठाच्या दोन्ही अंगांस येतात. कारण बहुतेक जातींत ते पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचेच रूपांतर असते. पान गळून पडते आणि काट्यांची जोडी मागे राहते.

दुसरी खूण चिकाची. कॅक्टसला टोचले तर साधारणपणे पाण्यासारखा किंवा बुळबुळीत रस येतो. युफोर्बियास टोचले की तत्काळ दुधासारखा पांढरा चीक बाहेर येतो. ही परीक्षा करावयाची तर फांदी मोडू नये. हातभर अंतरावरून पानास टाचणी टोचावी, थेंब पाहावा आणि कागदाने टिपून तो कागद टाकून द्यावा. मात्र एवढ्या एका खुणेवर विसंबून चालणार नाही. रुई, चाफा, वड, उंबर, पपई, पिवळी कण्हेर ह्यांनाही पांढरा चीक आहे, आणि त्यांतील एकही युफोर्बिया नाही. काही थोड्या कॅक्टसांतही चीक सापडतो. तेव्हा चीक नसेल तर ते झाड युफोर्बिया नव्हे, इतके खात्रीने म्हणता येते. चीक आहे म्हणून ते युफोर्बियाच, असे म्हणता येत नाही.

खरी खूण फुलाची, आणि ती इतकी मजेदार आहे की तिच्यासाठी थोडा वेळ खर्च करण्यास हरकत नाही. रोपवाटिकेतल्या त्या काटेरी झाडाचे एक 'फूल' घ्या. दोन गोल, रंगीत पाकळ्या समोरासमोर दिसतात. त्या पाकळ्या नव्हेतच; ती रंगलेली पाने आहेत. त्यांच्या मध्यभागी ज्वारीच्या दाण्याएवढी एक वाटी असते. साधे भिंग घेऊन पाहिले तर वाटीच्या काठावर मधाच्या पाच पिवळसर ग्रंथी दिसतील. वाटीच्या आत मधोमध एक स्त्रीफूल असते आणि त्याच्या सभोवती पुष्कळ पुरुषफुले. पुरुषफूल म्हणजे केवळ एक पुंकेसर. त्यास पाकळ्या नाहीत, दले नाहीत, काही नाही. म्हणजे आपण ज्यास एक फूल म्हणतो, तो वास्तविक अनेक फुलांचा मेळावा आहे. लिनियस ह्या प्रख्यात स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात ह्या झाडांची मांडणी केली, तेव्हा त्यानेही ह्या वाटीस एकच फूल मानले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट ब्राऊन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रत्येक पुंकेसराच्या दांड्यावरील बारीकसा सांधा दाखवून दिला. सांध्याच्या खाली फुलाचा देठ आणि वर पुंकेसर. त्या अर्थी प्रत्येक पुंकेसर हेच एक स्वतंत्र फूल. ही वाटी युफोर्बियाखेरीज फारच थोड्या झाडांत आहे. दहा-बारा रुपयांचे खेळण्यातले भिंगसुद्धा तिच्यासाठी पुरते, आणि सातवी-आठवीच्या मुलांस ती एकदा दाखविली की ती पुढे कधी चुकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

चौथी खूण फळाची. स्त्रीफुलाचे फळ एरंडाच्या बोंडासारखे तीन कप्प्यांचे असते, वाळले म्हणजे तडकन् फुटते आणि बी दूर उडते. कुंडीतल्या झाडास फळ क्वचितच धरते, परंतु धरले तर मग शंकेस जागाच नाही.

ह्या चार खुणा घेऊन आपल्याच परिसरात हिंडले तर युफोर्बियाचे कितीतरी नातेवाईक भेटतात. शेताच्या बांधावर, कबरस्तानाच्या कडेला, जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीशी पेन्सिलीसारख्या गुळगुळीत हिरव्या काड्यांचा जो दाट झुडुपा असतो तो शेर. त्यास काटे नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात चिकाच्या बाबतीत तोच सर्वांत वाईट. खोडास तीन ठळक धारा असतील तर तो त्रिधारी निवडुंग. खोड गोलसर, त्यावर वळणावळणाने गाठी, प्रत्येक गाठीवर काट्यांची जोडी आणि पावसाळ्यात शेंड्यांवर जाड, लांबट पाने असतील तर तो वैद्यकातील स्नुही. स्नुहीचेच एक नाव वज्री, आणि वीज पडू नये म्हणून हे झाड गच्चीवर ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. तिला काही आधार नाही. ह्याच स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद ह्यांची दोऱ्यावर एकवीस पुटे चढवून भगंदरावर उपयोगी पडणारे क्षारसूत्र तयार करतात. ही जुनी पद्धत १९६० च्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे ह्यांनी नव्याने उभी केली आणि आज ती मान्यता पावलेली आहे. ते काम शिकलेल्या शल्यवैद्याचे. घरी चीक काढून कोणी प्रयोग करू नयेत.

नळाच्या कडेस, फरशीच्या भेगांत उगवणारी तांबूस देठाची दुधी हीसुद्धा युफोर्बियाच. बागेत नागमोडी खोडाचा विलायती शेर लावतात. त्याची वाटी लाल आणि हुबेहूब लहानशा जोड्यासारखी असते. आपल्या सह्याद्रीतही ह्या वंशाच्या काही खास जाती आहेत. त्यांतील तिघींची शास्त्रीय नावे खंडाळा, पाचगणी आणि कात्रज ह्या गावांवरून पडलेली आहेत. पहिल्या दोहोंचे वर्णन करण्यात मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले पाद्री ब्लॅटर ह्यांचा हात होता. ती झाडे लहान, जमिनीत कंद धरून राहणारी आहेत. ती डोंगरावरच पाहावीत. उपटून कुंडीत आणू नयेत.

सबंध जगात युफोर्बियाच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. नावाची हकीकत अशी की, उत्तर आफ्रिकेतील राजा जुबा ह्याचा युफोर्बस नावाचा ग्रीक वैद्य होता आणि राजाने एका चिकाळ औषधी झाडास त्याचे नाव दिले, असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. ही गोष्ट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तोच शब्द पुढे अरबीत 'फरफियून' झाला, आणि युनानी हकिमांच्या पुस्तकांत त्या चिकाचे नाव आजही तेच आहे.

रोपवाटिकेतल्या काटेरी झाडाचे शास्त्रीय नाव युफोर्बिया मिली. त्याचे मूळ स्थान आफ्रिकेच्या पूर्वेचे मादागास्कर बेट. रीयुनियन बेटाचा गव्हर्नर मिलियस ह्याने १८२१ साली ते फ्रान्सला नेले, म्हणून हे नाव. इंग्रजीत त्यास 'क्राऊन ऑफ थॉर्न्स', म्हणजे काट्यांचा मुकुट, म्हणतात. हजरत ईसा, म्हणजे येशू ख्रिस्त, ह्यांच्या मस्तकी जो मुकुट घातल्याचे ख्रिस्ती ग्रंथांत सांगितले आहे, त्यावरून ते नाव पडले. मादागास्करच्या झाडाचा मुकुट त्या काळी जेरुसलेमात कोणी केला असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. काटे पाहून सुचलेले नाव, इतकेच. थायलंडमधील माळ्यांनी संकर करून ह्याच्या मोठ्या फुलांच्या जाती तयार केल्या. आपल्याकडे 'थाई युफोर्बिया' म्हणून विकतात त्या ह्याच.

आता चिकाविषयी. येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ह्याच एका कारणामुळे हा लेख लिहावा असे वाटले. ह्या चिकात कातडीस व डोळ्यास जबर दाह करणारी द्रव्ये असतात. तो किती प्रखर, हे पाहावयाचे असेल तर ब्राझीलमध्ये झालेले प्रयोग पाहावेत: तेथे ह्याच युफोर्बिया मिलीचा चीक पाण्यात अगदी थोड्या प्रमाणात मिसळून, रोग पसरविणाऱ्या गोगलगाई मारण्यासाठी त्याची परीक्षा झाली. कित्येक देशांत मासे गुंगविण्यासाठी शेरासारख्या झाडांचा चीक पाण्यात टाकण्याची चाल होती. कातडीवर पडला तर लाली येते, कधी फोड येतात. साबणाने धुतले की बहुधा भागते. डोळ्यांत गेला तर मात्र गोष्ट निराळी.

आमच्या ओळखीच्या एका मजुराने उसाच्या फडाशेजारचे शेराचे कुंपण कोयत्याने तोडले. एक थेंब डोळ्यांत उडाला. त्याने लागलीच चूळभर पाणी मारले, थोडे चुरचुरले, आणि तो पुन्हा कामास लागला. संध्याकाळपर्यंत विशेष काही नव्हते. रात्री अशा वेदना सुरू झाल्या की डोळा उघडेना. शेजारच्या म्हातारीने मध घालावयास सांगितला, कोणी साजूक तूप सुचविले. सुदैवाने त्याची बायको हट्टी. तिने काही घालू दिले नाही आणि सकाळच्या पहिल्या गाडीने त्यास सुरतेस नेले. डोळ्याच्या काळ्या भागावरचा पारदर्शक पडदा सुजला होता. औषध वेळेवर सुरू झाल्याने दहा-बारा दिवसांत दृष्टी पूर्ववत् झाली. पण ऐन हंगामातले दहा-बारा दिवस बुडाले, आणि कोयत्याची जोडी मोडली की दोघांचीही मजुरी बुडते, हे आपल्यापैकी पुष्कळांस सांगावयास नको.

ह्या घटनेत ध्यानात ठेवण्याची गोष्ट वेळेची आहे. चिकाचा खरा त्रास बहुधा काही तासांनी वाढतो, म्हणून आरंभी बरे वाटले तरी त्यावर भरवसा ठेवू नये. भारतीय नेत्रतज्ज्ञांच्या मासिकात २००९ साली अशा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली होती. तिच्यातूनही हेच दिसते, की लवकर धुणे आणि लवकर उपचार झाले तर डोळा बहुधा पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केले तर कायमची इजा होऊ शकते. चीक डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेखाली, पापण्या उघड्या धरून, निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा. चोळू नये. मध, तूप, काजळ, दूध, सुरमा, गुलाबपाणी ह्यांपैकी काहीही घालू नये. दुकानातले थेंबही आपल्या मनाने घालू नयेत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांस दाखवावे, आणि शक्य तर झाडाची एक लहान फांदी पिशवीत घालून बरोबर न्यावी, म्हणजे त्यांस कारण शोधीत बसावे लागत नाही.

मग असे झाड घरी ठेवावेच कशास, असा प्रश्न कोणी विचारील. काटेरी झाड दारात नको, असे आपल्याकडे म्हणतातही. माझे मत असे की, शेर शाळेच्या आवारात किंवा मुले खेळतात तेथे मुळीच नसावा. असेल तर मोठ्या माणसांनी चष्मा व हातमोजे घालून तो काढून टाकावा. युफोर्बिया मिलीची गोष्ट वेगळी. त्याचे काटेच मुलांस दूर ठेवतात, आणि मुलाच्या डोक्याहून उंच अशा कठड्यावर किंवा फळीवर कुंडी ठेवली तर त्यापासून उपद्रव होण्याचे कारण नाही. रांगते मूल घरात असेल तर दोन वर्षे थांबावे. माशांच्या टाकीवर किंवा जनावरांच्या पाण्याच्या हौदावर ते टांगू नये.

इतकी काळजी घेतली तर इतके कमी मागून इतके देणारे दुसरे फुलझाड आपल्या हवेत सापडणे कठीण. बारा महिने थोडीबहुत फुले राहतात. दोन दिवस कोणी घरी नसले, पाणी घालावयाचे राहिले, तरी ते कुरकुर करीत नाही. त्यास हवे असते ते ऊन. दिवसातून निदान पाच-सहा तास उघडे ऊन मिळाले पाहिजे. सावलीत ते हिरवेगार होते, पाने वाढतात आणि फुले थांबतात. मग लोक खत घालतात, त्याने पाने आणखी वाढतात. दोष खताचा नसून जागेचा असतो.

दुसरी गोष्ट माती. आपल्या पलसाणे तालुक्यातील काळी माती उसास उत्तम, पण ह्या झाडास ती घातक आहे. ती पाणी धरून ठेवते, वाळली की दगडासारखी होते, आणि दोन्ही अवस्थांत मुळांस हवा मिळत नाही. कुंडीसाठी एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत घ्यावे, त्यात विटेचा चुरा मूठभर टाकावा. कुंडी मातीची असावी, फार मोठी नको. सहा ते आठ इंच तोंडाची पुष्कळ झाली. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

पाणी केव्हा घालावे, ह्याचे वेळापत्रक विचारणारे पुष्कळ भेटतात. वारांवर जाऊ नये, बोटावर जावे. मातीत बोटाची दोन पेरे घालून पाहावे, ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, असे ते साधारण येते. घालावयाचे तेव्हा तळातून निथळेपर्यंत घालावे आणि खालच्या बशीतले पाणी ओतून टाकावे. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर हा ह्या झाडाचा परीक्षेचा काळ. कुंडी पागोळीच्या आत, परंतु उजेडात घ्यावी. एवढे एकच काम केले तरी अर्धी झाडे वाचतील. थाई जातींस तर हे विशेष सांभाळावे लागते. त्यांची फुले मोठी, पण बुंधे लवकर कुजतात.

थंडीत किंवा पाणी फार कमी पडल्यास पाने पिवळी होऊन गळतात, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये. झाड मेले की झोपले, हे बुंध्यास दाबून कळते. बुंधा टणक असेल तर झाड जिवंत आहे. ऊन मिळाले की पाने येतील. बुंधा मऊ, तपकिरी लागला तर मुळे कुजली आहेत. अशा वेळी वरचा निरोगी भाग कापून घ्यावा. कापाच्या मध्यभागी तपकिरी डाग दिसला तर आणखी वर कापावे, स्वच्छ पांढरा गर लागेपर्यंत. त्या तुकड्यापासून नवे झाड होते.

कलम लावण्याची रीत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर बरा. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे घालून धारदार सुरीने चार बोटे ते वीतभर लांबीचा शेंडा कापावा. कापलेले टोक लगेच पाण्याच्या वाटीत बुडवावे, म्हणजे चीक गळावयाचा थांबतो. ते पाणी मोरीत ओतून भरपूर पाणी सोडावे. सुरीही साबणाने धुवावी. मग तुकडा सावलीत चार ते सात दिवस नुसता ठेवून द्यावा. पुष्कळांस हे पटत नाही. ताजा तुकडा ताज्या मातीत खोवला म्हणजे लवकर रुजेल असे त्यांस वाटते. गुलाबाचे तसे असते, ह्याचे नाही. जखमेवर कोरडी खपली धरल्याशिवाय लावले तर तुकडा सडतो. खपली धरली की वाळूमिश्रित, किंचित ओलसर मातीत दोन बोटे खोल लावावा, दोन दिवस पाणी देऊ नये, नंतर बेताने द्यावे. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात.

खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, मूठभर कुजलेले शेणखत, इतके पुरे. काट्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. काडीस कापूस गुंडाळून, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटात बुडवून तो पुसून काढावा. चार-आठ दिवसांनी पुन्हा पाहावे.

ह्या कुळातील आणखी एक शोभेचे झाड नाताळाच्या सुमारास बाजारात येते, ते पॉइन्सेटिया. कोणी त्यास लालपत्ती म्हणतात. त्याची मोठी लाल 'फुले' हीदेखील पानेच. मधल्या हिरव्या-पिवळ्या मण्यांकडे भिंगातून पाहा, तीच ओळखीची वाटी दिसेल. ते मूळचे मेक्सिकोचे. अमेरिकेचा तेथील पहिला वकील पॉइन्सेट ह्याने १८२८ साली ते आपल्या देशी पाठविले. हे झाड भयंकर विषारी आहे अशी एक समजूत आहे. १९१९ साली हवाई बेटातील एका मुलाच्या मृत्यूच्या अफवेपासून ती पसरली. १९९६ साली अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे आलेल्या पॉइन्सेटियाच्या २२,७९३ नोंदी तपासण्यात आल्या, आणि त्यांत एकही मृत्यू आढळला नाही. चीक डोळ्यांपासून दूर ठेवावा हे खरेच, पण शेराची भीती पॉइन्सेटियास लावण्याचे कारण नाही.

त्याची खरी अडचण दुसरीच. दुकानातून आणताना लालभडक असलेले झाड पुढच्या वर्षी हिरवेच राहते, आणि मग विकणाऱ्याने फसविले असे लोक म्हणतात. हे झाड रात्रीची लांबी मोजते. सलग बारा तासांहून जास्त अंधार रोज मिळू लागला, म्हणजेच हिवाळा जवळ आला, की ते पाने रंगवू लागते. दिवसरात्रीच्या लांबीचा झाडांच्या फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व अलार्ड ह्या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीनवर प्रयोग करून १९२० साली उघडकीस आणला. रस्त्यावरचा दिवा किंवा गॅलरीतला बल्ब रात्री त्या झाडावर पडत राहिला तर त्याच्या हिशेबी रात्र मोडते आणि लाली येत नाही. एकाच झुडुपाची दिव्याकडची बाजू हिरवी आणि अंधारातली लाल झालेली मुलांस दाखविण्यासारखी असते. तेव्हा ऑक्टोबरच्या आरंभापासून आठ ते दहा आठवडे, संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत कुंडीवर खोके पालथे घालावे आणि मध्ये कुतूहलाने उचलून पाहू नये. दिवसा मात्र पूर्ण ऊन द्यावे. लाली ओसरली की फेब्रुवारी-मार्चात फांद्या निम्म्यावर छाटाव्यात. छाटलेल्या काड्या कागदात गुंडाळून कचऱ्यात द्याव्यात, जाळू नयेत, कारण चिकाच्या धुरानेही डोळे चुरचुरतात.